यंत्राने काढलेले रान

माळशेजचा पाऊस, माहुलीचे सुळके, तानसाचे पाणी आपल्याला नवे नाही. आता यंत्रही असे देखावे काढते, तेही आवाजासकट. ते कसे?

यंत्राला आधी लाखो चित्रे दाखवतात. झाडे, ढग, फुले. पाखरांचे आवाजही देतात. पण यंत्राला डोळे कुठले? चित्र म्हणजे त्याला नुसते आकडे. कोणत्या रंगाशेजारी बहुधा कोणता रंग येतो, याचा ते हिशेब करते. त्या हिशेबावरून नवे चित्र रचते. ते रान जगात कुठेच नसते, बरं का! या विद्येला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात. रेफिक अनादोल या कलाकाराने २०२४ साली लंडनला असे रान लोकांना दाखवले.

यंत्र शिकते ते माणसांच्या चित्रांवर. आपल्याकडे वारली बाया तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहितात. डहाणूकडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१४ साली वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे वारली हे नाव कुणीही कशालाही लावावे असे नाही.

यंत्राने काढलेला तारपा नाच मिळाला तर नीट बघा. नाचणारे तारपावाल्याकडे कधी पाठ करत नाहीत. यंत्राला हे कुणी सांगितलेले नसते. पाठ फिरवलेली माणसे त्यात सापडली तर नवल नाही.