वीस गुंठ्यांचा पंप

उत्तर बांगलादेशात रंगपूर, लालमोनिरहाट, कुडीग्राम या पट्ट्यात आश्विन-कार्तिकाच्या दिवसांना वेगळं नाव आहे: मोंगा. आमन भात शेतात उभं असतं, पण कापणीला अजून अवकाश असतो. लावणी-निंदणी उरकलेली, म्हणून मजुरी नाही. मागच्या पिकाचं धान्य संपलेलं, म्हणून कणगी रिकामी. अशा वेळी माणसं शेळ्या-कोंबड्या विकत, पुढच्या कापणीची मजुरी आधीच निम्म्या दराने उचलत. आणि हे सगळं चाललेलं असताना त्यांच्या पायाखाली दहा-वीस फुटांवर पाणी असे. तिस्ता आणि ब्रह्मपुत्रेने हजारो वर्षं आणून टाकलेल्या वाळू-गाळात ते भरून राहिलेलं आहे. कातळ फोडायचा नाही, सुरुंग लावायचा नाही. ते फक्त वर काढायचं आहे.

हे वर काढणं मात्र गरिबाच्या हाती नव्हतं. सरकारने आणि परदेशी मदतीने 1970च्या दशकात जे खोल नलकूप बसवले, ते मोठे होते. एका नलकुपावर साठेक एकर भिजावं, शेतकऱ्यांनी गट करून ते चालवावं, असा हिशेब होता. बेट्सी हार्टमन आणि जेम्स बॉइस हे दोन अमेरिकी संशोधक त्याच दशकात वायव्य बांगलादेशातल्या एका खेड्यात राहिले. जागतिक बँकेच्या पैशातून आलेला नलकूप तिथल्या सगळ्यात मोठ्या जमीनदाराच्या ताब्यात कसा गेला, गट फक्त कागदावर कसा राहिला, हे त्यांनी 1983 साली पुस्तकात लिहिलं. मला यात कुणा एका जमीनदाराच्या लबाडीपेक्षा यंत्राच्या आकाराचा दोष मोठा वाटतो. साठ एकरांचं यंत्र गावात आणलं, की ते साठ एकरवाल्याकडेच ओढ घेतं. ज्याची जमीन वीस गुंठे आहे, त्याच्यासाठी वीस गुंठ्यांचंच यंत्र हवं.

ते यंत्र एका मदतसंस्थेच्या वर्कशॉपमधून आलं. बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात, 1971 साली, लाखो निर्वासित भारतातल्या कूचबिहारकडे लोटले. त्यांच्या छावण्यांत काम करणारी लुथेरन मंडळी युद्धानंतर त्या लोकांच्या पाठोपाठ पलीकडे गेली आणि ‘रंगपूर दिनाजपूर रूरल सर्व्हिस’ ही संस्था उभी राहिली. गुन्नार बार्न्स हे नॉर्वेजियन इंजिनिअर तिथे काम करत होते. 1980च्या आसपास त्यांनी पायाने चालवायच्या पंपाचा आराखडा पक्का केला. हातपंप तेव्हाही होतेच, पण हाताने उपसून पिण्यापुरतं पाणी सहज निघतं, पीक भिजवणं जड जातं. दंड लगेच भरून येतात. माणसाची खरी ताकद मांड्यांत असते. भात कांडायच्या ढेंकीवर गावातल्या बायका पायाने दाब देतच होत्या. नेपाळच्या तराईत या पंपाला पुढे ‘ढिकी पंप’ असंच नाव पडलं.

पंप बघायला इतका साधा, की पहिल्यांदा पाहणाऱ्याला काहीतरी राहून गेलंय असं वाटावं. पत्रा वळवून केलेली दोन नळकांडी शेजारी-शेजारी जोडलेली. प्रत्येकात एक दट्ट्या, त्याला वॉशर. वर एक कप्पी आणि तिच्यावरून गेलेली दोरी, म्हणजे एक दट्ट्या खाली गेला की दुसरा आपोआप वर येतो. दट्ट्यांना बांधलेले दोन लांब बांबू, त्यांच्यावर उभं राहायचं आणि धरायला समोर आडवा बांबू. मग जिना चढल्यासारखं एक पाय, दुसरा पाय. झडप रबराच्या तुकड्याची. पत्र्याचा भाग तेवढा विकत घ्यायचा, बांबू घरचे. पाणी फार खोल नसेल तर सेकंदाला लीटरभर पडतं. रोज काही तास चालवलं तर वीस गुंठे, जमीन पाणी धरणारी असेल तर थोडं जास्तही भिजतं. मर्यादा एकच, पण पक्की: हा ओढून घेणारा पंप आहे, आणि हवेच्या दाबाच्या जोरावर पाणी व्यवहारात सातेक मीटरच वर चढतं. त्याखाली पाणी गेलं की पायांचा काही उपयोग नाही.

बोअर घ्यायची रीत तर पंपाहून देखणी आहे. जमिनीत छोटा खड्डा करून त्यात पाणी आणि शेण कालवतात. शेणाने भोकाच्या कडा लिंपल्या जातात, ढासळत नाहीत. लोखंडी नळी उभी धरून बांबूच्या तरफेने तिला वर-खाली ठोकायचं. वर एक मिस्त्री बसलेला असतो, त्याचा तळहात नळीच्या तोंडावर. नळी वर जाताना तो तळहात घट्ट दाबतो, खाली येताना उचलतो. तो तळहात म्हणजेच झडप. दर ठोक्याला नळीतून वाळूमिश्रित चिखल उसळतो आणि नळी खाली सरकते. चिखलाच्या रंगावरून, बोटांत येणाऱ्या रव्यावरून मिस्त्री ओळखतो, आता जाड वाळू लागली, इथे थांबायचं. डिझेल नाही, यंत्र नाही, आणि एका दिवसात काम होतं.

इथपर्यंत ही एका चांगल्या शोधाची गोष्ट झाली, आणि चांगले शोध मदतसंस्थांच्या गोदामांत धूळ खात पडलेले असतात. हा पंप तिथे पडला नाही, कारण त्याच्याभोवती धंदा उभा राहिला. त्यात मोठा वाटा पॉल पोलाक यांचा. हे अमेरिकेत डेन्व्हरला राहणारे मनोविकारतज्ज्ञ होते. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ‘इंटरनॅशनल डेव्हलपमेंट एंटरप्रायझेस’ ही संस्था काढली. तिचं पहिलं काम सोमालियातल्या निर्वासित छावण्यांत होतं: गाढवाच्या गाड्या करून निर्वासितांना उधारीवर विकल्या, आणि त्यांनी माल वाहून ती उधारी फेडली. गरीब माणूस हा याचक नसून गिऱ्हाईक आहे, हे पोलाक तिथे शिकले आणि तेच घेऊन ते बांगलादेशात आले.

त्यांची अट कडक होती. पंप फुकट द्यायचा नाही आणि किमतीत सवलतही नाही. देणगीचे पैसे लागतील ते कारागीर तयार करायला आणि जाहिरातीला. बोअरसकट पंप पंचवीसेक डॉलरना पडायचा. पहिल्या हंगामात तेवढे पैसे सुटले पाहिजेत, नाहीतर शेतकरी शेजाऱ्याला ‘घे’ म्हणणार नाही. मला सुरुवातीला ही अट निष्ठुर वाटायची. उपाशी माणसाकडून पैसे कसले घ्यायचे? पण फुकट यंत्राचं वॉशर झिजल्यावर काय होतं, ते आपल्याकडच्या अनेक गावांत दिसतं. योजनेतून आलेल्या वस्तूचा सुटा भाग कुठल्याच दुकानात मिळत नाही, कारण तो ठेवून दुकानदाराला काही सुटत नाही. इथे उलट होतं. तालुक्याच्या गावातला वेल्डिंगवाला पंप करत होता, बाजारपेठेतला लोखंड-सिमेंटचा दुकानदार तो विकत होता, मिस्त्री बसवत होता. तिघांचंही पोट त्यावर होतं. पुढे असे पाऊणशेच्या आसपास कारखाने झाले, दुकानदार आणि मिस्त्री तर हजारोंनी. मिस्त्री हाच खरा विक्रेता होता, कारण तो त्याच गावचा, आणि बोअर फसला तर तोंड दाखवायला त्याला तिथेच फिरायचं होतं.

जाहिरातही त्या मातीतली. कॅलेंडरं, पत्रकं, बाजारात गाणारे फिरते कलावंत. त्यावर कडी म्हणजे नावाजलेले नट घेऊन काढलेला दीड तासाचा चित्रपट. गाडीवर प्रोजेक्टर लादून तो गावोगाव उघड्यावर दाखवत, आणि शेजारी खरा पंप मांडलेला असे. असे दहा लाखांहून जास्त पंप बांगलादेशात विकले गेले.

वीस गुंठ्यांत काय होतं? पावसाचं एकच भात घेणारा शेतकरी उन्हाळी बोरो भात घेऊ लागला, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे भाजी: मिरची, वांगी, बटाटे, टोमॅटो. भाताने घर खातं. मिरचीने रोकड येते. बटाटा काढला की मिरचीचे वाफे, असा क्रम लागला की घरातल्या घरात वर्षभर मजुरी निघते. संशोधक तुषार शाह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली दक्षिण आशियातल्या पाय-पंपांचा अभ्यास मांडला. त्यांच्या हिशेबाने कुटुंबाचं निव्वळ उत्पन्न वर्षाला सरासरी शंभर डॉलरनी वाढत होतं. ज्याचं वर्षाचं रोख उत्पन्नच काही शे डॉलर, त्याच्या घरी या शंभरांतून पत्र्याचं छप्पर येतं, किंवा गहाण टाकलेला तुकडा सुटतो.

पण कष्टाचं काय? ते झाकून हा लेख लिहिता येणार नाही. चार-चार तास पंप तुडवणं हे काम आहे, व्यायाम नव्हे, आणि घरोघरी त्यातला बराच भाग बायका-मुलांच्या पायांवर आला. त्यामुळे संधी मिळताच लोकांनी हा पंप सोडला, यात मला वाईट वाटण्यासारखं काही दिसत नाही. 1980च्या दशकाच्या शेवटी बांगलादेशाने डिझेल इंजिनांच्या आयातीवरचे निर्बंध सैल केले, स्वस्त चिनी इंजिनं आली, गावात पाणी विकत मिळू लागलं. पाय-पंपाची मागणी पुढे ओसरत गेली.

आफ्रिकेत तो वेगळ्या रूपात पोचला. केनियात मार्टिन फिशर आणि निक मून यांनी 1991 साली सुरू केलेल्या संस्थेने ‘मनीमेकर’ नावाचा पंप बाजारात आणला. तिथली जमीन चढ-उताराची, म्हणून पाणी नुसतं ओढून भागत नाही, ते नळीतून चढावर ढकलावं लागतं. त्यासाठी त्यांनी दाब देणारा पंप केला.

महाराष्ट्रात, विशेषतः घाटावर, तो रुजला नाही, आणि याचं उत्तर आपल्या खडकात आहे. दख्खनच्या काळ्या कातळात विहिरीचं पाणी उन्हाळ्यात सात मीटरांच्या खाली जातं, नेमकं तेव्हाच जेव्हा पिकाला ते हवं असतं. तिथे मोटच हवी होती, आणि मोटेला बैल, म्हणजे पुन्हा भांडवल.

वीस गुंठ्यांना बेतलेली वस्तू आपल्या शेजारीही झाली, पण पाणी उपसायची नव्हे, वाचवायची. खानदेशाच्या उत्तरेला, मध्य प्रदेशातल्या निमाडमध्ये, कापसाच्या शेतकऱ्यांना ठिबक हवं होतं आणि कंपनीच्या नळ्या परवडत नव्हत्या. शाळेबाहेर मिळणारी ‘पेप्सी’ – बर्फाची रंगीत कांडी – ज्या पातळ प्लास्टिकच्या नळीत भरतात, तीच नळी त्यांनी सरीला अंथरली आणि तिला भोकं पाडली. उन्हाने ती नळी जेमतेम एखादा हंगाम टिकायची. पण पाऊस यायच्या आधी कापूस लावून तो जगवायला तेवढा हंगाम पुरत होता. मग बाजारात बर्फाच्या कांड्यांशी ज्यांचा काही संबंध नाही, अशी माणसं येऊन त्या नळीची भेंडोळी मागू लागली, आणि दुकानदारांनी ती भरून ठेवायला सुरुवात केली.