खुंटावरचा चेंडू : बालवर्गासाठी एक खेळ

पहिली-दुसरीतील मूल क्रिकेट खेळावयास उतरले म्हणजे बहुधा दोन-तीन चेंडूंतच बाद होते आणि उरलेला तास मैदानाच्या कडेला उभे राहते. दोष त्याचा नसतो. येणाऱ्या चेंडूचा वेग व उंची हेरून नेमक्या क्षणी बॅट फिरविणे त्या वयास अवघड असते. शिवाय चेंडू टाकणारेही मूलच असल्याने तो नीट येत नाही.

अमेरिकेतील मिशिगन राज्यात ॲल्बियन नावाचे लहान गाव आहे. तेथील शारीरिक शिक्षणाचे शिक्षक जेरी साचार्स्की यांनी, बेसबॉलच्या संघांत घेण्याइतकी मोठी नसलेल्या मुलांसाठी, १९५६ साली वेगळी रीत सुरू केली. चेंडू कोणी टाकावयाचा नाही. तो खुंटावर ठेवावयाचा, मुलाने टोलवावयाचा व धावावयाचे. जॉर्जिया राज्यातील वॉर्नर रॉबिन्स येथे क्लॉड लुईस यांनी १९५८ साली असाच उपक्रम आरंभिला. पुढे हा खेळ ‘टी-बॉल’ या नावाने रूढ झाला.

शेवगाव तालुक्यातील शाळांना यासाठी खर्च करावा लागणार नाही. मुलाच्या कमरेइतकी उंच बांबूची काठी जमिनीत घट्ट रोवावी, टोकाला कापडाची लहान चुंबळ बांधावी व तीवर चिंध्यांचा चेंडू ठेवावा. इतर मुलांस टोलविणाऱ्यापासून दहा पावले दूर उभे करावे. पाळी प्रत्येकास द्यावी. बाद कोणासही करू नये.

कडेला उभे राहणारे मूल खेळात यावे, हाच या खेळाचा हेतू होय.