आधीं मान्यता, मग मतभेद

कोणत्याहि संभाषणांत मतभेदाचा क्षण कसोटीचा असतो. इंग्रजी ग्रंथ सहज वाचणारा, पत्रव्यवहार निर्दोष करणारा मराठी गृहस्थहि सभेंत किंवा कचेरींत या क्षणीं अडखळतो. त्याला शब्द सुचत नाहींत असें नव्हे; सुचतात ते फार उघडे असतात. 'नो, यू आर राँग' हें वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे. परंतु ऐकणाऱ्यास तें मताचें खंडन न वाटतां स्वतःचा अधिक्षेप वाटतो, आणि मूळ प्रश्न बाजूला राहून मानापमान तेवढा उरतो.

इंग्रजी बोलणाऱ्या समाजांत यावर एक रूढ उपाय आहे. विरोध करण्यापूर्वीं प्रतिपक्षाचें जेवढें मान्य होण्याजोगें असेल तेवढें प्रथम बोलून दाखवावयाचें. ही रीत भारतीय विद्वत्परंपरेस अपरिचित नाहीं. प्रतिपक्षाचा सिद्धांत तात्पुरता स्वीकारून पुढें विचार करणें यास न्यायशास्त्रांत 'अभ्युपगम' अशी संज्ञा आहे. 'तुष्यतु दुर्जनः' हा पंडितांचा न्यायहि त्याच जातीचा. फरक इतकाच कीं, या न्यायांत प्रतिपक्ष दुर्जन ठरतो, तर इंग्रजी शिष्टाचारांत त्यास समंजस गृहस्थ मानूनच बोलण्यास आरंभ होतो.

या मान्यतेच्या पायऱ्या मात्र ओळखतां आल्या पाहिजेत. 'दॅट इज ट्रू, बट' असें म्हणणारा समोरच्याचें विधान खरें मानतो. त्यावरून काढलेला निष्कर्ष तेवढा त्याला पटलेला नसतो. 'यू मे बी राइट, बट' यांत 'मे' या लहानशा शब्दानें केवळ शक्यता कबूल होते. 'आय सी युवर पॉइंट' यांत तर तेवढेंहि नाहीं. म्हणणें समजलें, एवढाच त्याचा अर्थ. नवख्या माणसास हा होकार वाटतो, तो समाधानानें घरीं जातो, आणि काम झालेलें नाहीं हें त्यास फार उशिरां कळतें. 'विथ रिस्पेक्ट' या शब्दांत मान्यतेचा अंशहि नसतो. ती येणाऱ्या विरोधाची सूचना होय. त्याचें 'विथ द ग्रेटेस्ट रिस्पेक्ट' झालें कीं विरोध अधिक तीव्र आहे असें समजावें. मुंबईच्या उच्च न्यायालयांत प्रतिपक्षाच्या वकिलाचा उल्लेख 'माय लर्नेड फ्रेंड' असा करून त्याचा मुद्दा खोडून काढण्याचा प्रघात याच कुळांतला आहे.

शब्दांइतकेंच काम स्वर करतो. 'इट्स अ गुड प्लॅन' हें वाक्य शेवटीं स्वर खालीं आणून म्हटलें तर ती प्रशंसा होते. तेंच म्हणतांना 'गुड' या शब्दावर स्वर उतरवून वाक्याच्या अखेरीस किंचित् चढविला, तर 'पण' हा शब्द न उच्चारतांहि ऐकूं येतो. छापील पानावर हा फरक दिसत नाहीं; तो कानानेंच शिकावा लागतो.

या रीतीचा प्रांजळ वृत्तांत अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन यांच्या आत्मचरित्रांत आहे. तरुणपणीं प्रतिपक्षास निरुत्तर करण्यांत त्यांना आनंद वाटे. पुढें एका क्वेकर मित्रानें त्यांचा गर्विष्ठपणा त्यांच्या नजरेस आणून दिला, तेव्हां त्यांनीं 'निश्चित', 'निःसंशय' असे शब्द वर्ज्य केले. दुसऱ्याचें मत कांहीं परिस्थितींत बरोबर ठरेल, परंतु प्रस्तुत प्रसंगीं थोडा भेद दिसतो, असें म्हणण्याची सवय त्यांनीं लावून घेतली. ता. १७ सप्टेंबर १७८७ रोजीं, फिलाडेल्फिया येथील घटना-परिषदेच्या अखेरच्या दिवशीं, ही सवय त्यांच्या उपयोगीं पडली. ते तेव्हां ८१ वर्षांचे होते. त्यांचें भाषण जेम्स विल्सन यांनीं वाचून दाखविलें. या घटनेंतील कांहीं भाग आपणांस तूर्त पसंत नाहींत, असें त्यांनीं विरोधकांप्रमाणेंच आधीं कबूल केलें, आणि मग दोषांसह ती स्वीकारण्याची विनंती केली. ३९ प्रतिनिधींच्या सह्या झाल्या. हजर असलेल्या तिघांनीं सही केली नाहीं. सौजन्यानें सर्वच मनें वळतात असें नाहीं; पण वळूं शकणाऱ्या मनाला वाट मोकळी राहते.

मात्र ही मान्यता पोकळ असूं नये. दर वेळीं 'येस, येस, बट' म्हणणाऱ्याचा होकार कोणी ऐकतच नाहीं. सर्वांचे कान 'बट'ची वाट पाहत असतात. म्हणून जें मान्य आहे त्याचें नांव घ्यावें. शाळा सकाळीं भरवावी अशी सूचना आली, तर 'आपलें म्हणणें बरोबर आहे, पण' एवढ्यानें भागत नाहीं. 'सकाळीं मुलें अधिक तरतरीत असतात हें खरें. परंतु लांबून चालत येणाऱ्यांना अंधारांत घर सोडावें लागेल,' असें म्हटलें म्हणजे आपलें बोलणें लक्षपूर्वक ऐकलें गेलें हें सुचविणाऱ्यास कळतें, आणि उत्तरार्ध ऐकण्यास तोहि राजी होतो. मान्य करण्याजोगें कांहींच न सांपडल्यास 'आय अ‍ॅम अफ्रेड आय डिसअग्री' असें सरळ म्हणणें खोट्या होकारापेक्षां अधिक सभ्यपणाचें.

परंतु तसें कांहीं सांपडतें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं दुसऱ्याचें बोलणें शेवटपर्यंत ऐकावें लागतें. त्या शोधांत कधीं कधीं 'बट' म्हणण्याची गरजच उरत नाहीं.