पेजेसकट घ्यायचा काढा

कोकणातल्या थळमध्ये, सुपारीच्या वाडीतलं घर असो की कोळीवाड्यातलं, तापलेल्या माणसापुढे आधी येते ती पेज. जुने तांदूळ भरपूर पाण्यात फुटेपर्यंत शिजवायचे, चिमूटभर मीठ घालायचं, वरचं पातळ गरमागरम घोटघोट प्यायला द्यायचं. मग अंगावर गोधडी. घाम सुटला की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो.

चीनमधल्या एका जुन्या काढ्याच्या कृतीत अशीच पेज भेटते, आणि तीही औषधाचाच भाग म्हणून. काढ्याचं नाव ग्वेइझी थांग. तो तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीच्या 'शांग हान लुन' या ग्रंथातला. ग्रंथकर्ता चांग चुंगचिंग प्रस्तावनेत सांगतो, की त्याच्या दोनशेहून अधिक माणसांच्या कुळातली दोन तृतीयांश माणसं दहा वर्षांच्या आत गेली, आणि त्यांतली दहापैकी सात थंडी बाधून आलेल्या तापानं. या दुःखातून ग्रंथ उभा राहिला.

दालचिनीच्या डहाळ्या, पिओनीचं मूळ, आलं, ज्येष्ठमध आणि १२ चिनी बोरं, एवढाच ऐवज. पिओनी सोडली तर कोकणातल्या घराला यातलं काहीच परकं नाही. घाम येतो तरी ताप उतरत नाही, वारा सोसवत नाही, तेव्हा शरीराला बाहेरून राखणारं बळ आणि आतून पोसणारं बळ यांचा मेळ बिघडला, असं चिनी वैद्यक मानतं. दालचिनी घाम बाहेर काढते, पिओनी तो आवरून धरते.

सात मापं पाणी मंद आचेवर तीन मापं होईपर्यंत आटवायचं. एक माप प्यायचं, थोड्या वेळानं एक माप गरम पातळ पेज, वर पांघरूण. अंग नुसतं ओलसर व्हावं, पाण्यासारखा घाम वाहू नये. पहिल्याच मापात उतार पडला, तर उरलेला काढा घ्यायचा नाही. मांस, दारू, कच्चं, थंड, उग्र वासाचं वर्ज्य. औषध कुठं थांबवायचं हे इतक्या नेमकेपणानं सांगणारा वैद्य मला फार मोठा वाटतो.

आपल्याकडे चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या दुसऱ्या अध्यायात २८ यवागू, म्हणजे औषधी पेजा, येतात. तिथंही पेज हे पोटभरीचं अन्न नसून उपचार आहे. जपानमध्ये १९७६पासून ग्वेइझी थांगसारख्या काढ्यांच्या सुक्या अर्काला आरोग्यविम्याचं संरक्षण मिळालं. पण पुडी घेऊन वर पेज प्यायची राहिली, तर निम्मं औषध बाहेरच राहिलं असं मी म्हणेन.

घरी करून पाहण्याआधी तीन गोष्टी. बाजारातली जाड सालीची दालचिनी बहुधा कॅसिया जातीची असते. तिच्यातलं कूमारिन हे द्रव्य जास्त झालं तर यकृताला बाधतं. ज्येष्ठमधानं रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं; रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि पावसाळ्यात भातखाचरात उतरलेल्या माणसाला ताप आला, तर तो लेप्टोस्पायरोसिसचाही असू शकतो. अशा वेळी पेज खुशाल द्यावी, पण रक्त त्याच दिवशी तपासून घ्यावं.