धवळे आणि धवलेरी : डहाणू-तलासरीच्या वारल्यांचा लग्नचौक

महानुभावांच्या पोथ्या ज्यांनीं हाताळिल्या आहेत त्यांस महदंबेचे धवळे सांगावयास नकोत. ऋद्धिपुरीं श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहाचा सोहळा मांडिला गेला त्या प्रसंगीं तिनें ते गाइले. 'धवळ' हा शब्द मात्र महदंबेहून जुना आहे. चालुक्य सोमेश्वराच्या बाराव्या शतकांतील मानसोल्लासांत तो आढळतो, व पुढें देवगिरीच्या शार्ङ्गदेवानेंही संगीतरत्नाकरांत त्याची गणना केली आहे. विवाहांत गावयाचें मंगलगीत हा त्याचा रूढ अर्थ होय. आपल्या नागर लग्नांत मंगलाष्टकें राहिलीं आणि धवळे पोथींत गेले.

उत्तर कोंकणांत ते अजून पोथींत गेलेले नाहींत. किनाऱ्यावरील आगरी-कोळ्यांच्या लग्नांत धवलारीण गाते. ठाणें जिल्ह्यांतून २०१४ सालीं निघालेल्या पालघर जिल्ह्यांतील डहाणू व तलासरी या तालुक्यांच्या पाड्यांवर वारली लोक अशा गाणारणीस धवलेरी म्हणतात. आणि येथें तिचा अधिकार केवळ गाण्यापुरता नाहीं. परंपरागत वारली लग्नास ब्राह्मण लागत नाहीं. धवलेरी हीच पुरोहित, आणि तिचें गीत हाच मंत्रपाठ.

या गीताचें दुसरें अंग भिंतीवर असतें. कुडाची भिंत शेणामातीनें लिंपून तीवर गेरू देतात. तांदूळ वाटून त्याचें पाणी करितात व काडीचें टोंक कुंचल्यासारखें करून सवाशिणी चौक लिहूं लागतात. साखळीच्या व इतर नक्षीच्या अनेक किनारी एकींत एक घालीत त्या आंत येतात, आणि मध्यभागीं पालघट देवी बसते. ती वनस्पतींची व सुफलतेची देवता. जवळच लहान चौकांत पंचशिऱ्या देव असतो. सूर्य, चंद्र, फणी, शिडी, बाशिंग हीं चौकांत येतात. नवरानवरीचा घोडाही येतो. असा चौक लिहिल्यावांचून जुन्या रीतीचें लग्न लागत नाहीं. लग्न उरकल्यावर तो राखण्याची कोणास चिंता नसते. चुलीचा धूर आणि पावसाळा त्यास पुसून टाकतात. पुढच्या लग्नास नवा लिहावयाचा. नकलेसाठीं समोर मूळ प्रत नसतां हा पाठ चालत आला आहे, हें संग्राहकांनीं ध्यानांत घ्यावें.

वारल्यांविषयींचा लेखी पुरावा जवळजवळ सर्व परक्या हातचा आहे. जॉन विल्सन यांचा वारली व कातोडी लोकांवरील निबंध १८४३ सालीं छापला गेला. राजवाड्यांनीं महिकावतीच्या बखरीच्या प्रस्तावनेंत उत्तर कोंकणच्या प्राचीन लोकांची चर्चा केली ती १९२४ ची. के. जे. सावे यांचा स्वतंत्र ग्रंथ निघाला १९४५ सालीं. त्याच वर्षीं झरी येथील सभेनंतर वारल्यांनीं जमीनदारांची वेठ नाकारिली. हीं साधनें मोलाचीं आहेत; परंतु त्यांत वारली हा वर्णिला जातो, स्वतः बोलत नाहीं. तो बोलतो तो धवलेरीच्या तोंडून.

१९७० नंतरच्या दशकांत भास्कर कुलकर्णी यांच्या खटपटीनें हें लेखन कागदावर आलें. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांचें नांव जगभर झालें व २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. पुरुषांनीं चित्र हातीं घेतलें तें याच वेळीं. त्यांनीं तारपानाच, शेतीचीं कामें, आख्यायिका यांस कागदावर जें रूप दिलें तें थोर आहे, व त्यापासून कित्येक घरांस चार पैसे मिळाले, यांत वाद नाहीं. परंतु कागदावर रेघ गेली, गीत गेलें नाहीं. आज पेठेंत चित्र सहज मिळतें. ज्या गीताबरोबर चौक लिहिला जाई तें मात्र तेथें मिळत नाहीं. लग्न अन्य रीतीनें लागतें तेथें धवलेरीस बोलावणेंच येत नाहीं, आणि एक वृद्ध धवलेरी शिष्येविना गेली म्हणजे एक पोथी जळाली.

म्हणून ज्यांस वारली साधनें जमवावयाचीं आहेत त्यांनीं नुसतीं चित्रें घेऊं नयेत. घरच्या लोकांच्या व धवलेरीच्या संमतीनें संबंध लग्नाचें गीत ध्वनिमुद्रित करावें. कोणत्या कडव्याच्या वेळीं कोणती रेघ पडली, धवलेरी कोणापाशीं शिकली, पाडा कोणता, वर्ष कोणतें, हें सर्व पोथीच्या समाप्तिलेखाप्रमाणें नोंदावें. वारली बोली पुस्तकी मराठींत 'शुद्ध' करण्याचा मोह तर कटाक्षानें टाळावा. महानुभावी पाठांचें अशा शुद्धीनें काय झालें हें आपण जाणतोंच. डहाणूकडील एक आणि तलासरीकडील एक असे दोन पाठ जरी पूर्ण हातीं आले, तरी महदंबेच्या धवळ्यांशीं ते ताडून पाहण्याच्या कामास आरंभ करितां येईल.