विमानतळाशेजारचे घर आणि घरातील शांतता

विमानाचा आवाज अंगवळणी पडतो, असे विमानतळाच्या आसपास राहणाऱ्यांना नेहमी ऐकावे लागते. परंतु कानाला सवय झाली म्हणजे बुद्धीलाही झाली, असे होत नाही. १९९२ साली जर्मनीतील म्युनिक शहराचा जुना विमानतळ बंद होऊन नवा दुसरीकडे सुरू झाला. त्या वेळी दोन्ही ठिकाणच्या शाळकरी मुलांची संशोधकांनी आधी व नंतर परीक्षा घेतली. नव्या विमानतळाजवळच्या मुलांचे वाचन व स्मरण मंदावले. जुन्या ठिकाणच्या मुलांचे मात्र, तेथे शांतता येताच, सुधारू लागले. २००८ साली नियमित प्रवासी विमाने शमशाबादला गेली, तेव्हा हैदराबादेतील बेगमपेटच्या रहिवाशांचीही त्या विमानांच्या गर्जनेपासून सुटका झाली. पण प्रत्येक गावचा विमानतळ काही हलवता येत नाही. मग घरालाच आवाजाविरुद्ध उभे करावे लागते. ते कसे करावे?

पुष्कळांचा समज असा की आवाज भिंतीतून येतो. वस्तुतः पक्क्या भिंतीतून तो फार थोडा येतो. येतो तो खिडकीच्या फटीतून, दाराखालून, कौलांच्या सांध्यांतून व झरोक्यातून. जेथून वारा शिरतो तेथून ध्वनी शिरतो, हे या विषयाचे पहिले सूत्र होय. भिंतीचा केवळ शंभरावा भाग उघडा राहिला, तर बाकीची भिंत कितीही जाड असो, आवाज २० डेसिबलहून फारसा अधिक उतरत नाही. आवाज १० डेसिबलनी उतरला की कानाला तो निम्मा झाल्यासारखा वाटतो. यावरून एका फटीने किती नुकसान होते, ते ध्यानी यावे.

म्हणून प्रथम फटी बुजवाव्या. दाराच्या चौकटीला रबराची पट्टी लावावी. मग खिडकीच्या आतून दुसरे तावदान बसवावे. दोहोंमध्ये चार ते आठ इंचांची पोकळी ठेवावी आणि दोन्ही काचांची जाडी निरनिराळी असावी. त्यानंतर छपराकडे वळावे, कारण विमान डोक्यावरून जाते. कौलांखाली घट्ट तक्तपोशी करून तीवर खनिज लोकरीचा थर द्यावा. पडदे, गालिचे व अंड्यांचे पुठ्ठे यांवर मात्र या कामी पैसा घालवू नये. त्यांनी खोलीतला घुमारा कमी होतो, बाहेरचा आवाज अडत नाही.

पण सारे बंद केल्यावर श्वास कोठून घ्यावा? अमेरिकेतील मिनियापोलिस येथे १९९२ पासून हजारो घरे ध्वनिरोधक झाली. तेथे खिडक्यादारांबरोबर घर थंड ठेवण्याचीही सोय करून देण्यात आली. थंड मुलुखात जर ही गरज, तर दाबोळीनजीकच्या दमट हवेत ती किती अधिक! हवेची सोय न करता खिडकी बंद करायला सांगणे म्हणजे एक त्रास काढून दुसरा देणे होय.

उरला प्रश्न खर्चाचा, आणि तो न्यायाचा आहे. ब्रिटनमध्ये सर ॲलन विल्सन यांच्या समितीने १९६३ साली ध्वनीविषयी अहवाल दिला, व १९६६ पासून हीथ्रोनजीकच्या घरांना या कामासाठी अनुदान मिळू लागले. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने विमानतळांना प्रवाशांकडून आकार घेण्याची मुभा दिली. तो पैसा अशा घरांवरही खर्च करता येतो. तत्त्व उघड आहे: ज्याला उड्डाणाचा लाभ, त्याने शेजाऱ्याच्या खिडकीचा भार उचलावा. आपल्या देशात २०१८ च्या अधिसूचनेने विमानतळ परिसरातील आवाजाच्या मर्यादा आखल्या. परंतु मर्यादा आखणे निराळे आणि खिडकीचा खर्च कोणी द्यायचा हे ठरवणे निराळे.

शिवाय, वाचकहो, उत्तमातली उत्तम खिडकीही अंगणाचे रक्षण करीत नाही. मुले खेळतात, वृद्ध सायंकाळी बसतात, ते बाहेरच. म्हणून विमानतळाजवळ राहणाऱ्यांनी आपल्या घराच्या फटी अवश्य बुजवाव्या. पण रात्रीची उड्डाणे कमी व्हावी आणि बंदोबस्ताचा खर्च लाभ घेणाऱ्यांनी सोसावा, ही मागणी एकजुटीने करीत राहावे. झोपलेल्या बालकाची शांतता ही कोणाची मेहेरबानी नव्हे. तो त्याचा हक्क आहे.