हार्डडिस्कच्या पोटात शिरण्याआधी

"दादा, डाटा रिकव्हरीच्या त्या रशियन टूलचं क्रॅक, म्हणजे लायसनचं कुलूप फोडलेली प्रत, आहे का तुमच्याकडं? नसलं तर डिस्क कंपनीची युटिलिटीच खोलून बघतो." साताऱ्यात नवं दुकान टाकलेल्या एका पोरानं मला फोनवर हे विचारलं. पोरगा हुशार आहे, हात चांगला आहे. त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितोय, कारण डिस्क दुरुस्तीला देणाऱ्यांनाही ते ठाऊक असायला हवं.

आमच्या सांगलीत या कामाला मागणी आणली ती पुरानं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास गेली. धोक्याची पातळी तिथं ४५ फूट आहे. पाणी ओसरल्यावर टेबलाखालचे सीपीयू चिखलानं भरलेले. त्यात पेढ्यांचे टॅलीतले हिशेब होते, स्टुडिओवाल्यांनी काढलेली लोकांची लग्नं होती. तेव्हापासून ‘डिस्क गेली, डाटा काढून द्या’ म्हणत माणसं येत राहिली.

हार्डडिस्क हा खरं तर एक छोटा संगणकच. तिला स्वतःचा प्रोसेसर असतो आणि स्वतःचा प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर. त्याचा थोडा भाग हिरव्या बोर्डवरच्या चिपमध्ये आणि बाकीचा चकत्यांवरच्या राखीव जागेत असतो. खराब सेक्टरांची यादी, कुठला डाटा कुठं आहे हे सांगणारा ट्रान्सलेटर, त्या एकाच डिस्कच्या हेडसाठी कारखान्यात बसवलेली मापं, सगळं तिथं. म्हणून त्याच मॉडेलचा दुसरा बोर्ड लावला तरी बहुतेक डिस्क चालत नाहीत. जुन्या बोर्डवरची चिप नव्यावर न्यावी लागते. या राखीव जागेत जायचे हुकूम कंपन्या जाहीर करत नाहीत. युटिलिटी डिस्कशी काय बोलते ते टिपून, किंवा तिचा कोड उलगडून हे हुकूम शोधणं म्हणजे रिव्हर्स इंजिनिअरिंग.

या अभ्यासाबद्दल मला आदर आहे. सीगेटच्या डिस्कचा ‘स्मार्ट’ अहवाल, म्हणजे डिस्कनं स्वतःच्या तब्येतीचा दिलेला अहवाल, पाहून लोक घाबरून येतात: ‘रीड एरर’समोर कोटींतला आकडा! प्रत्यक्षात त्या ४८ बिटांच्या आकड्यात दोन आकडे असतात. वरच्या १६ बिटांत चुका आणि खालच्या ३२ बिटांत एकूण वाचनं. चुका बहुधा शून्य निघतात. हे जाणकारांनी निरीक्षणातून ताडलं आणि जगाला फुकट वाटलं.

२००९ च्या सुरुवातीला सीगेटच्या बाराकुडा ७२००.११ या डिस्क फर्मवेअरमधल्या दोषामुळं अचानक मुक्या झाल्या. डाटा जागच्या जागी, पण बायोसला डिस्कच दिसेना. हौशी लोकांनी मागच्या पिनांना डिस्कच्या टर्मिनलशी थेट बोलू देणारा टीटीएल अडॅप्टर जोडला, बोर्ड आणि आतल्या संपर्कांच्या मध्ये कागदाचा कपटा सारला आणि टर्मिनलवरून हुकूम देऊन डिस्क जाग्या केल्या. कंपनीनंही सुधारित फर्मवेअर दिलं. पण त्याच टर्मिनलवर एखादा हुकूम अर्धवट टाइप झाला, तर ट्रान्सलेटर बिघडून हातातला डाटा कायमचा जाऊ शकतो. नव्या डिस्कमध्ये तर हा मार्गही कंपनीनं कुलूपबंद केलाय.

आता कायदा. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. १९९९ च्या दुरुस्तीनं त्याच्या कलम ५२ मध्ये दोन वाटा उघडल्या. प्रोग्रॅम कायदेशीरपणे जवळ असेल, तर तो नेहमीसारखा चालवताना त्यामागच्या कल्पना समजून घ्यायला निरीक्षण आणि चाचणी करता येते. स्वतंत्रपणे लिहिलेला आपला प्रोग्रॅम दुसऱ्याशी जुळवायला लागणारी माहिती सहज मिळत नसेल, तर तीही शोधता येते. शब्द लक्षात ठेवा: ‘कायदेशीरपणे जवळ’. क्रॅक केलेली प्रत घेऊन बसणाऱ्याला ही सवलत नाही. उलट कलम ६३ब प्रमाणे अशी प्रत जाणूनबुजून वापरली, तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड. धंद्यासाठी वापर नसेल, तर न्यायालय कैद माफ करू शकतं. दुकानदाराचा वापर तर धंद्यासाठीच असतो.

२०१२ मध्ये आलेलं कलम ६५अ म्हणतं की हक्कभंगाच्या हेतूनं तांत्रिक कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. अशी कुलपं तोडण्याविरुद्धचा अमेरिकेचा १९९८ चा कायदा याहून कडक. दिमित्री स्क्लारॉव्ह या रशियन प्रोग्रॅमरला २००१ मध्ये लास व्हेगासमध्ये अटक झाली, कारण त्यानं लिहिलेला प्रोग्रॅम अडोबीच्या ई-पुस्तकांचं कुलूप काढायचा. पुढं त्याची कंपनी ज्युरीसमोर निर्दोष ठरली, पण तो मधले काही महिने घरापासून दूर अडकला. शिवाय पासवर्ड लावलेली डिस्क मालकाच्या परवानगीविना लबाडीनं उघडलीत, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड.

खर्चाचं गणितही पोरं मांडत नाहीत. पीसी-३००० सारखं व्यावसायिक साधन लाखांच्या घरात जातं, हे खरं. पण स्वतः खोदायचं तर सरावाला डिस्क लागतात, सुटे भाग काढायला मॉडेल आणि फर्मवेअर जुळणाऱ्या डोनर डिस्क लागतात, आणि महिने जातात. तोवर नवं मॉडेल येतं. क्रॅकमधून व्हायरस आला तर? दुकानात त्याच मशीनला गिऱ्हाइकांच्या डिस्क जोडलेल्या असतात.

म्हणून त्या पोराला म्हटलं, भंगारातल्या डिस्क घे आणि त्यांवर मन लावून शिक. गिऱ्हाइकाची एकमेव डिस्क ही प्रयोगाची जागा नाही. बरंच काम ‘डीडीरेस्क्यू’नं डिस्कची पूर्ण प्रत काढून आणि त्या प्रतीवर ‘टेस्टडिस्क’ चालवून होतं. दोन्ही मोफत आणि मुक्त. फर्मवेअरच बिघडलेलं असेल, तर लायसनचं साधन असलेल्या जाणकाराकडं पाठवावं.

आणि वाचकहो, तुम्ही सांगलीत असा की साताऱ्यात, डिस्क काउंटरवर ठेवण्याआधी दुकानदाराला तीन गोष्टी विचारा: आधी पूर्ण प्रत काढणार का, सॉफ्टवेअरचं लायसन आहे का, आणि माझा डाटा नंतर पुसणार का? उत्तर सरळ मिळालं नाही, तर डिस्क परत घ्या.